जमीन पाय धरते

डॉक्टर अश्लेषाच्या दवाखान्यात गेल्या सहा वर्षांत एकही जनावर आलेलं नाही. दवाखाना म्हणजे सिंगापुरात चोआ चू कांगमधल्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटचं स्वयंपाकघर, खिडकीजवळचं एक स्टूल आणि फोन. लेक ऋता शाळेत गेली, नवरा मुकुल बँकेत गेला, की ती चहाचा कप घेऊन बसते आणि बीदर जिल्ह्यातल्या खेड्यांतून फोनवर आलेले आवाजी निरोप ऐकते. तिकडे तेव्हा नुकतं उजाडलेलं असतं.

उदगीरला पशुवैद्यक शिकून ती भालकी तालुक्यात एका संस्थेत नोकरीला लागली होती. दोन शेळ्या, एखादी म्हैस आणि दहा-बारा कोंबड्या यांवर ज्यांचं घर चालतं, अशा बायकांना लस टोचायला शिकवायचं, हे तिचं काम. तिकडची माणसं अर्धं वाक्य मराठीत बोलतात आणि उरलेलं कन्नडमध्ये पुरं करतात. पाच वर्षांत तीही तशीच बोलायला लागली. मग लग्न झालं आणि ती सिंगापूरला आली. इथे तिच्या पदवीवर मांजराला गोळीसुद्धा देता येत नाही. संस्थेनेच सुचवलं, की फोनवरून तरी बायकांना उत्तरं देत जा. तेव्हापासून ती कानाने जनावरं तपासते. कोंबडीच्या घशातली घरघर ऐकून ही मानमोडी की साधी सर्दी, हे सांगते आणि बहुधा चुकत नाही.

गेल्या सप्टेंबरातल्या एका गुरुवारी बोरहळ्ळीच्या इरम्माचा आवाज आला. इरम्मा पन्नाशीची, धीराची बाई. फुटकळ तक्रारी करणाऱ्यांतली नव्हे.

"डॉक्टरअक्का, कोंबड्यांचं काही कळंना झालंय. आठ-दहा दिस झालं, खुराड्यात जाईनात. खातात, पितात, शीट बी चांगली हाय. पर दिस बुडाला की अंगणात एका वळीनं थांबतात, गोठ्याकडं तोंड करून. नुसत्या बघतात. हुसकलं तर ओरडतात, दारापत्तुर जातात अन् माघारी फिरतात."

सोबत एक छोटा व्हिडिओ होता. पावसाने ओलं झालेलं अंगण, समोर पत्र्याचा नवा गोठा, त्याच्या आत भिंतीशी खुराडं. बाहेर अकरा कोंबड्या ओळीत, सगळ्यांची तोंडं त्या उघड्या दाराकडे. अश्लेषाने आवाज वाढवला. कोंबड्यांचं अंगण कधी गप्प नसतं. चाळीस सेकंदांत एकीने तरी कुरकुर करायला हवी होती. तिला फक्त इरम्माचा श्वास ऐकू आला.

तिने साप, मुंगूस, ऊ, गोचीड सगळं विचारलं. इरम्माने खुराडं उलटं करून झाडलं होतं, चुना मारला होता. काहीच सापडलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी दुसरा निरोप आला. शेळीचं करडू गोठ्यात मेलेलं सापडलं. खांबाला तारेने टांगलेल्या मिठाच्या खड्याखाली, तोंड उघडं, अंगावर ओरखडासुद्धा नाही. पोट फुगलेलं नाही, नाकातोंडातून काही आलेलं नाही. शेळ्या आता उंबऱ्याशी पाय रोवून उभ्या राहत होत्या. म्हैस हौदापर्यंत मान लांब करायची, पाण्याला तोंड लागायच्या आत झटक्याने मागे घ्यायची. दोन दिवसांत तिचं दूध निम्म्यावर आलं होतं.

"गाव म्हणतंय भानामती," इरम्मा हळू आवाजात म्हणाली. "माझ्या धाकट्या जावंचं नाव घेतात. कलावतीचं."

कलावती विधवा होती. सहा वर्षं हैदराबादेत बांधकामावर विटा वाहून ती नुकतीच सासरी परतली होती. ती आली त्याच पंधरवड्यात गोठ्यावर नवे पत्रे चढले आणि नंतर हे सुरू झालं. इरम्माचा नवरा मल्लप्पा आधी हसण्यावारी नेत होता. पण त्याच आठवड्यात मंगळवारी कलावती भालकीच्या बाजाराला गेली, रात्री तिथेच राहिली आणि त्या संध्याकाळी कोंबड्या कुणी न हाकलता खुराड्यात गेल्या. बुधवारी ती परत आली. कोंबड्या पुन्हा अंगणात.

अश्लेषाने हे दोनदा ऐकलं. रोगाला गावाच्या वेशी कळत नाहीत, माणूस बाजाराला गेला की नाही हेही कळत नाही. एखाद्या बाईची पाठ फिरली की जनावरं बरी होतात, असा कुठलाच आजार तिला शिकवलेला नव्हता.

"रविवारी देवऋषी येणार हाय," इरम्मा म्हणाली. "त्यानं बोट दाखवलं की कलावतीला गावाच्या शिवंबाहेर सोडायचं ठरलंय. मी काय बोलू, अक्का? माझं करडू मेलंय."

नोकरीच्या पहिल्याच वर्षी अश्लेषाने असं एकदा पाहिलं होतं. एका वाडीवर एका रात्रीत नऊ शेळ्या मेल्या. तो आंत्रविषार होता, आतड्यांत विष तयार होऊन येणारा आजार. तिने पोटं फाडून पाहिली, इंग्रजीत अहवाल लिहिला, तालुक्याला दिला आणि निघून आली. वाडीला मात्र तो अहवाल कुणी वाचून दाखवला नाही. महिन्याभराने ती लस घेऊन गेली तेव्हा वाडीच्या टोकाचं एक घर बंद होतं. तिथली बाई कुठे गेली, असं विचारल्यावर सगळे दुसरीकडे बघायला लागले. ती बाई कुठे गेली, हे तिला अजून माहीत नाही.

दुपारी तिला घरात बसवेना. ती लिफ्टने खाली आली. त्यांच्या ब्लॉकमागच्या हिरवळीवर रानकोंबड्यांचा एक कळप फिरत असतो. कुणाचा नाही, कुणी पाळलेला नाही. बाकावर एक म्हातारे चिनी अंकल वर्तमानपत्र वाचत होते. अश्लेषा दुसऱ्या टोकाला बसली आणि तिने इरम्माचा आणखी एक व्हिडिओ लावला. यात मल्लप्पा काठी घेऊन कोंबड्यांना आत रेटत होता. दाराशी पोचताच त्या ओरडल्या. ठेच लागल्यासारखा आखूड, तुटका आवाज.

हिरवळीवरचे सगळे पक्षी जागच्या जागी थांबले. एका कोंबड्याची चोच गवतात होती, ती तशीच राहिली. मग एकेक करून सगळ्यांनी माना वळवल्या आणि ते तिच्या हातातल्या फोनकडे बघत उभे राहिले. जवळपास कुत्रा नव्हता, माणूस नव्हतं. व्हिडिओ संपला तरी ते हलले नाहीत.

अंकलनी वर्तमानपत्र खाली केलं. "आंटी, प्लीज स्टॉप. दे डोंट लाइक. मी ऑल्सो डोंट लाइक," ते म्हणाले आणि उठून गेले.

अश्लेषा वर आली तेव्हा एक गोष्ट पक्की झाली होती. हा आवाज आजाराचा नव्हता. काहीतरी प्रत्यक्ष दुखल्याचा, धोक्याचा होता. त्या गोठ्यात खरोखर काहीतरी होतं आणि ते डोळ्यांना दिसत नव्हतं.

ती तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत स्वयंपाकघरात उभी होती. ऋता शाळेतून आली, पाणी प्यायली आणि आईकडे बघत राहिली.

"मम्मा, व्हाय यू डुइंग दॅट?"

"काय?"

"युअर फीट. लेफ्ट, राइट, लेफ्ट, राइट. सो क्रीपी लाह," ती शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

अश्लेषाने खाली पाहिलं. तिचा डावा पाय फरशीपासून वर होता. कधी उचलला ते तिला आठवत नव्हतं. ऋताने फोन ओढून घेतला. "ओ, यू कॉपीइंग द चिकन. द फ्लोअर व्हेरी हॉट, इज इट?"

आता अश्लेषाने नीट पाहिलं. दाराजवळच्या कोंबड्या एकेक पाय उचलत होत्या. एक टेकला की दुसरा वर. इतके दिवस तिने त्यांचे डोळे पाहिले होते, तुरे पाहिले होते, आवाज ऐकला होता. पाय पाहिले नव्हते.

तिने इरम्माला फोन लावला. "इरम्मा, मला कलावतीशी बोलायचंय."

"तिच्याशी? तिला कुणी काही इचारत न्हाई, अक्का."

"म्हणूनच."

कलावतीचा आवाज घोगरा होता. ती आधी फक्त हो-नाही म्हणाली. अश्लेषाने तिला करडाबद्दल विचारलं नाही, भानामतीबद्दल विचारलं नाही. गोठ्यात शेण कोण काढतं, एवढंच विचारलं.

"मीच काढते."

"आत गेल्यावर काय होतं?"

कलावतीने आवाज उतरवला. मग म्हणाली, "सांगितलं तर माझ्यावरच येतंय. एकदा बोलले, त्याच्यावरनंच सगळं सुरू झालं. आत जमीन पाय धरते, अक्का. खालनं मुंग्या चढतात, पोटऱ्यापत्तुर. कुणीतरी आत वढून घेतंय असं वाटतं. कधी असतंय, कधी नसतंय. जावंला इचारलं, तिला काही न्हाई. भावजींना काही न्हाई. मलाच होतंय अन् जनावरांना होतंय. मग मला बी वाटाय लागलं, की माझ्यातच काही असंल."

"घरात चपला कोण घालतं, कलावती?"

"सगळेच घालतात."

"आणि तू?"

"माझ्याकडं न्हाईत."

"एवढंच सांग, मंगळवारी तू बाजाराला गेलीस, तेव्हा गावात लाइट होती का?"

कलावतीला माहीत नव्हतं. मागून इरम्माच म्हणाली, "मंगळवारी कुठली लाइट? तारांचं काम होतं. सकाळी गेली ती बुधवारी आली."

"इरम्मा, आत्ताच्या आत्ता मीटरचं बटण खाली करा. पत्र्याला, खांबाला, हौदाला कुणी हात लावायचा नाही. कलावती, तू अंगणाच्या बाहेर जा. मल्लप्पांना फोन द्या."

मल्लप्पाला हे पटलं नाही. नवा पत्रा त्याने स्वतः उभा राहून घालून घेतला होता. करंट असता तर त्याला आधी लागला नसता का, असं तो म्हणाला. अश्लेषाने वाद घातला नाही. रबरी तळव्यांनी तो आजवर वाचलाय आणि करडू नागड्या खुरांनी ओल्या जमिनीवर उभं राहून तारेचं मीठ चाटताना मेलंय, एवढंच सांगितलं. त्याने बटण पाडलं.

शनिवारी दुपारी लाइनमन आला. गावही आलं. अश्लेषाला इरम्माने व्हिडिओ कॉलवर धरून ठेवलं होतं. लाइनमनने रबराचे हातमोजे घालून क्षणभर बटण वर करायला लावलं आणि गोठ्याच्या लोखंडी खांबाला टेस्टर टेकवला. भर दुपारी त्यातला दिवा लाल दिसला. बटण पुन्हा पाडून तो शिडीवर चढला. मीटरपासून घराकडे जाणारी वायर पत्र्याच्या कडेला बांधून नेलेली होती. वाऱ्याने घासून घासून तिचं आवरण बोटभर सोलून निघालं होतं. सगळा पत्रा, सगळे खांब आणि त्यांच्या बुंध्याशी भिजलेली जमीन दोन आठवडे जिवंत होती.

त्याने वायर बदलली, लांबून नेली, बटण वर करायला लावून खांब तपासला. टेस्टर पेटला नाही. "झालं," तो म्हणाला. "जावा आत."

कुणी हललं नाही. ज्यांनी भानामती म्हटलं होतं तेही नाही आणि लाइनमनवर विश्वास ठेवणारेही नाही. मल्लप्पाने चपलांकडे पाहिलं आणि तो जागेवरच राहिला.

कलावती गर्दीच्या कडेने पुढे आली. अनवाणीच. उंबऱ्यावर थांबून तिने एक पाय आत ठेवला, मग दुसरा, आणि मान खाली घालून कान देऊन ऐकावं तशी उभी राहिली, मग आत गेली. तिने मागे वळून पाहिलं नाही, कोंबड्यांना हाक मारली नाही, तिच्या हातात दाणासुद्धा नव्हता. अंगणातल्या अकरा कोंबड्या उठल्या आणि एकामागून एक, तोंडातून आवाज न काढता, तिच्या मागे आत गेल्या. कोंबड्या भर दुपारी खुराड्यात शिरत नाहीत. त्या शिरल्या. फोनच्या पडद्यावर आता नुसतं काळं दार दिसत होतं.

"बघितलंत न्हवं, अक्का?" इरम्मा म्हणाली.

"बघितलं," अश्लेषा म्हणाली.

तो देवऋषी रविवारी आलाच नाही. कलावती बोरहळ्ळीतच राहिली. संस्थेने तिला लस टोचायला शिकवलं. तिचा हात हलका आहे, सुई गेलेली कोंबडीला कळत नाही. शेजारच्या गावांत जनावर आत जाईना झालं की आता लोक तिला बोलावतात. ती उंबऱ्यावर उभी राहते, पाय टेकते आणि काय ते सांगते. अश्लेषा तिला दर आठवड्याला चपला घालायला सांगते. एकदा तिने कुणाबरोबर तरी रबरी तळव्यांचा चांगला जोड धाडलाही. कलावती ते ऐकून घेते.

गाव तिच्याशी नीट बोलतं, तरी ती रस्त्याने येताना दिसली की अजून काही बायका पोरांना जवळ ओढतात. इरम्मा मात्र रोज संध्याकाळी तिच्यासाठी ताट वाढून थांबते. ती आल्याशिवाय कुणालाही जेवायला बसू देत नाही.