धुतलेला ट्रेलर

दादाचा ट्रक स्वतःचा, पण मागे जोडायचा ट्रेलर भाड्याचा. ट्रेलर देताना यार्डाचा कारकून प्रत्येक जुन्या पोच्याभोवती खडूने गोल काढतो. गोल नसलेला पोचा चालकाच्या माथी. दादा टापटिपीचा. परत करण्याआधी त्याने ट्रेलर लख्ख धुतला.

“अकरा पोचे, गोल एकही नाही,” कारकून म्हणाला.

“साहेब, ते धुण्यात गेले.”

“त्याला आंघोळ घालायला कोणी सांगितलं होतं? चौकशी होईपर्यंत दुसरा ट्रेलर मिळणार नाही.”

उद्या बंदरातून दादाला कंटेनर उचलायचा होता. आता तो दुसरा कोणी नेणार.

फाटकाबाहेर दादाने ओला फडका पिळून पिळून दोरीच केली.

“भांडं परत करताना घासून द्यावं, ही आईची शिकवण,” तो म्हणाला. “आईने ट्रेलर कुठे पाहिला होता.”