सहीवाले चाचा आणि कपाटातला संगणक

सहीवाले चाचा कुणाच्याही नमस्काराला लगेच उत्तर देत नसत. आधी चष्म्यावरून बघत आणि विचारत, "कोन?" रोज सकाळी, त्याच टेबलापाशी, मीही मुकाट्याने सांगायची, "चाचा, मी ब्रह्मपुरीची सुनंदा." मग खात्री पटल्यासारखं म्हणत, "बस." नवी माणसं यावरून फुगून बसत. जुनी माणसं हसून नाव सांगत आणि कामाला लागत.

ही दोन हजार सालानंतरची गोष्ट. चंद्रपुरातल्या आमच्या धर्मादाय दवाखान्याचे संगणक चाचा सांभाळत आणि मी त्यांच्या हाताखाली होते. जिवतीच्या डोंगरात आणि गडचिरोलीच्या जंगलात दवाखान्याची छोटी उपकेंद्रं होती. रक्ताचे रिपोर्ट, औषधांची मागणी, डॉक्टरांचा सल्ला, सगळं इंटरनेटवरून चालायचं. वाटेत कुणी ते वाचू नये, कुणी आमचा दवाखाना असल्याचं भासवून पेशंटची माहिती काढून घेऊ नये, म्हणून संगणक बोलण्याआधी ओळखपत्र बघत. त्याला सर्टिफिकेट म्हणायचं. ते बाहेरून विकत आणता येतं, किंवा आपल्यातच एक सही करणारा ठरवून घरच्या घरी बनवता येतं. आमची सही करणारा संगणक चाचांच्या लोखंडी कपाटात होता, आणि या सहीवर विश्वास ठेवायचा हे प्रत्येक उपकेंद्रातल्या यंत्राला चाचांनी स्वतः जाऊन शिकवलं होतं. म्हणून ते सहीवाले.

त्या संगणकाला नेटची वायर कधी लागली नाही. कामापुरता बाहेर काढायचा, सही करायची, की पुन्हा कुलपात. लोणच्याच्या बरणीला ओला हात लागू देत नाहीत, तसं चाचा त्याला जपत. "याची किल्ली कोनाच्या हाती लागली, तं तो आमचा दवाखाना बनून फिरन," ते म्हणत. किल्ली म्हणजे सही ज्यातून उमटते ती त्या संगणकातली फाइल.

एकदा मोठ्या डॉक्टरसाहेबांनी नागपूरहून फोन केला. नव्या लॅपटॉपसाठी सर्टिफिकेट पाठवून द्या म्हणाले. चाचा नम्रपणे म्हणाले, "आवाज तं तुमचाच आहे साहेब. पन तुमच्यासारखं बोलनारे दोघं जन इथी कॅन्टीनमधीच आहेत." साहेबांना स्वतः यावं लागलं. मला वाटलं, आता चाचांची काही धडगत नाही. पण साहेबच पुढे कितीतरी दिवस तो किस्सा सगळ्यांना रंगवून सांगत होते.

हा स्वभाव त्यांच्या वडिलांकडून आला होता. ते बाजारात बसून पितळी भांड्यांवर नावं कोरायचे. "अब्बा आधी विचारत, भांडं कोनाचं? एकदा नाव कोरलं का मिटत नाई, बेटा," चाचा सांगायचे. सही करण्याआधी ते सर्टिफिकेटवरचं नाव असं बोट ठेवून वाचत, जणू छिन्नी हातात आहे.

चाचा निवृत्त व्हायच्या महिन्यात दवाखान्याच्या मुख्य संगणकाच्या सर्टिफिकेटची मुदत संपत होती. भारनियमनामुळे काम रेटत रेटत शेवटच्या दिवसापर्यंत आलं. त्या सकाळी चाचांनी नव्यावर सही केली, मी ते बसवलं, आणि सगळे फोन एकदम वाजायला लागले. "चाचा, लाइन लागूनच नाई राह्यली," पर्लकोटा नदीपलीकडच्या केंद्रातल्या सिस्टर सांगत होत्या. जिवतीहूनही तेच.

चाचांचा चेहरा उतरला. किल्लीची फाइलच खराब झाली असणार, असं त्यांनी मनाशी धरलं. किल्लीची नक्कल जपून ठेवलेली सीडी लावली, तर तिला बुरशी लागलेली. किल्ली गेली म्हणजे नवी सही बनवायची आणि प्रत्येक उपकेंद्रात जाऊन तिथल्या यंत्राला ती नव्याने ओळखायला लावायची. तिकडे पर्लकोटेचं पाणी पुलावर चढलेलं. पलीकडची केंद्रं पावसाळाभर रिपोर्टांवाचून राहिली असती. "जाता जाता हे करून चाल्लो मी," चाचा म्हणाले. मला त्यांच्याकडे बघवेना.

दुसरं काही सुचेना, म्हणून मी नवं सर्टिफिकेट उघडून मोठ्याने वाचायला लागले. नाव बरोबर. सहीही बरोबर. मुदतीच्या ओळीवर मात्र मी थबकले. आमच्या दवाखान्यात पहिला संगणक यायच्याही आधी ती सुरू होऊन संपली होती.

बंद संगणकातलं घड्याळ एका छोट्या गोल सेलवर चालतं. कपाटात पडल्या पडल्या तो सेल संपला होता आणि घड्याळ मागच्या कुठल्यातरी सालात जाऊन बसलं होतं. चाचांनी आज केलेली सही त्या जुन्या तारखेची झाली. उपकेंद्रांनी मुदत संपलेलं ओळखपत्र परत पाठवलं, इतकंच. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

"म्हंजे किल्ली शाबूत आहे?" चाचांनी विचारलं.

"शाबूत आहे, चाचा."

ते खुर्चीत बसले. टोपी काढून तोंड पुसलं. "साऱ्या दुनियेले विचारून राह्यलो, कोन तू, कोन तू. याले फक्त तारीख विचाराची राह्यली." आणि इतके हसले की मलाही हसू आवरेना. मग भिंतीवरचं कॅलेंडर आणि आजचा पेपर दोन्ही पाहून आम्ही तारीख लावली, नव्याने सही केली. उपकेंद्रात कुणाला काही करावं लागलं नाही. सिस्टरांचा फोन आला, "लागली लाइन, चाचा." एवढ्या आनंदातही चाचांनी विचारलंच, "कोन बोलते?"

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी कपाट माझ्या ताब्यात दिलं. त्याआधी माझं ओळखपत्र मागून घेतलं आणि फोटोशी माझा चेहरा ताडून पाहिला. किल्लीचा नवा परवलीचा शब्द मी टाइप करत होते, तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून उभे होते. "आता तो मलेबी माहीत नसला पाह्यजे," म्हणाले.

चाचा मुलाकडे घुग्घुसला राहायला गेले. तेव्हापासून दरवर्षी सहीच्या दिवशी सकाळी त्यांचा फोन येतो. "आज तारीख किती, बेटा?" मी सांगते. "कॅलेंडर पाह्यलं?" पाहिलं म्हणते. मग ते फोन ठेवतात.

यंदा सकाळी फोन आला नाही. दुपारीही नाही. मी लावला तर कुणी उचलेना. चाचांचं वय झालंय. मी संगणक टेबलावर मांडून बसले, पण सही करायला हात पुढे होईना. चहाच्या वेळेला फोन वाजला.

"आज तारीख किती, बेटा? गावात लाइट नोहती, फोन बंद पडला होता."

माझा जीव भांड्यात पडला. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते कळू नये म्हणून मी आवाज कडक केला.

"आधी सांगा, कोण बोलतंय?"

पलीकडून चाचांचं ते जुनं हसू ऐकू आलं.

"बस," ते म्हणाले. "कर आता सही."