गतिरोधकावर बंद पडणारी आमची व्हॅन

नातवंडांना वाटतं, आजी पहिल्यापासून शहाणी. पन्नाशीला टेकले तेव्हा मलाही तसंच वाटायचं. त्या दसऱ्याला आमच्या जुन्या व्हॅनची पूजा मी त्याच घमेंडीत केली. बाकीचे लोक गाडीच्या तोंडाला हार घालतात. मी म्हटलं, पळतं कोण? इंजिन. मग मान इंजिनाचा. पुढची सीट उचलली, खालच्या इंजिनाला हळदकुंकू लावलं आणि झेंडूचा हार तिथल्या एका बारीक रबरी नळीला करकचून बांधला. दुसऱ्या दिवशी पहाटे घाईघाईत तो हिसक्याने ओढून काढला. इंजिन तापलं की फुलं जळतील, एवढी अक्कल मात्र होती.

त्याच दिवशी कापसाची वेचणी सुरू झाली. आमचे हे गावातल्या आठ बायांना जिंतूरकडच्या शेतांवर नेऊन सोडायचे आणि संध्याकाळी आणायचे. त्या हंगामावर आमचं घर चालायचं. मीही वेचायला जायचे, पण बसायचे पुढे, मालकिणीच्या तोऱ्यात.

सडकेवर गाडी झकास पळायची. गतिरोधक आला, यांनी एक्सिलेटरवरून पाय उचलला, की ती दोनदा खोकायची आणि गप्प. कधी चावीनं सुरू व्हायची, कधी बायांना उतरून ढकलावी लागायची.

"काकू, आमी कापूस येचायला जायलोत का गाडी ढकलायला?" त्यांच्यातली सगळ्यांत तिखट बाई विचारायची. तिसऱ्या दिवशी तिनं स्पष्टच सांगितलं, "उद्याच्याला बंद पडली तर आमी समद्या दुसऱ्या गाडीत जाऊ."

घरी येऊन मी यांनाच धारेवर धरलं. "तुमचा क्लच चुकायलाय." क्लच कोणत्या पायाखाली असतो हे मला ठाऊक नव्हतं.  यांनी प्लग साफ केला होता, पेट्रोलचा फिल्टर बदलला होता, आणखी काय करणार? आम्ही तशीच गाडी झरी गावच्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेली.

त्यानं आधी एवढंच विचारलं, "पळताना बंद पडती का थांबताना?"

"थांबताना," हे म्हणाले.

मिस्त्रीनं यांना हलकेच एक्सिलेटर दाबून ठेवायला सांगितलं आणि स्वतः इंजिनाशी कान नेला. नळ्यांवरून बोट फिरवत गेला, एका जागी अंगठा दाबला. "आता पाय उचला." इंजिन चालू राहिलं. अंगठा काढला, इंजिन बंद.

"नळी निसटली," तो म्हणाला. "पळताना इंजिनाला जोर ऱ्हातो, खपून जातं. पाय उचलला की ते बारीक दमावर चालतं. तवा इथून फालतू हवा शिरली की दम तुटतो." मग यांच्याकडं वळून, "दादा, समोर तीन चहा सांगून या."

हे गेले. मिस्त्रीनं नळीच्या टोकाला अडकलेला दोरा काढून माझ्यासमोर धरला. त्याला एक सुकी पिवळी पाकळी चिकटली होती.

"भाभी, गाठ तुमची?"

मी मान डोलावली.

"लय मजबूत हाय. नळी सुटली, गाठ न्हाई."

हे आले, म्हणाले, "कशानं झालं असंल?"

"उंदीर," मिस्त्री गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "लय शिरायलेत गाड्यांत."

मी कपात बघत चहा प्याले. त्या माणसाचे उपकार मी अजून मानते. गाडी तर त्यानं नीट केलीच, वर माझी फजिती कधी करायची हे माझ्यावर सोडलं.

दुसऱ्या दिवशी पहिला गतिरोधक आला. मागं बायांनी ढकलायला उतरायची तयारी केली. यांनी पाय उचलला, गाडी हळू झाली, आणि इंजिन घुरघुरत राहिलं. दुसऱ्यावर तसंच. तिसऱ्यावर तिखट बाई म्हणाली, "दादा, झालतं तरी काय?"

"उंदीर शिरला होता."

मला राहवलं नाही. "उंदीर पुढच्या सीटवर बसलाय," म्हटलं, आणि सगळं सांगून टाकलं. बाया इतक्या हसल्या, हेही इतके हसले, की त्यांना गाडी कडेला घ्यावी लागली. इंजिन चालूच होतं. त्या हंगामात एकही बाई दुसऱ्या गाडीत गेली नाही.