लाभ, दोन, तीन

चि. मिहीर, चि. सई,

मागच्या रविवारी फोनवर सईने विचारलं, "आजी, आजोबांचा आवाज कुठे रेकॉर्ड केलेला आहे का?" मी नाही म्हटलं. ते खरंच आहे. पण फोन ठेवल्यावर वाटलं, एक गोष्ट तुम्हाला लिहून कळवावी... तोंडी सांगितली तर तुमचे बाबा मध्येच हसतील.

माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. जन्मभर नर्सिंग शिकवलं. ज्याची नोंद नाही ते घडलंच नाही, असं मुलींना सांगत आले.

निवृत्तीनंतर आदिलाबादच्या एका खासगी हॉस्पिटलात मी नर्सेस आणि ज्युनिअर डॉक्टरांची एसीएलएस सर्टिफिकेटची तयारी करून घ्यायचे. हृदय बंद पडलेल्या माणसाला कसं सांभाळायचं, त्याचं हे प्रशिक्षण. तीस वेळा छाती दाबायची, दोन श्वास द्यायचे, पुन्हा तीस. शहरालगतच्या मावला गावातल्या आमच्या घरी मी उशीवर सराव करायचे आणि आजोबा मोजायचे – आपल्या धान्याच्या दुकानात ज्वारी मोजायचे तसंच. धान्य मोजताना ते 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. "लाभ, दोन, तीन..." तीस झाले की, "टाक पोत्यात!" मी घाई केली की म्हणायचे, "काऊन पळून राह्यली, मास्तरीणबाई? पोतं काही उठून जात नाही."

तीन वर्षांपूर्वी सकाळच्या चहानंतर ते खुर्चीतच कोसळले. अँब्युलन्स येईपर्यंत बावीस मिनिटं मी छाती दाबली. इंग्रजीत मोजत. उपयोग झाला नाही.

तेरवी झाली आणि सोमवारी मी क्लासला गेले. रडू आलं नव्हतं. काहीच येत नव्हतं. पण स्वरूपाची परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. ती मंचेरियालची, नुकतीच लागलेली नर्स, मराठीचा एक शब्द येत नव्हता. एकदा नापास झालेली – भीतीने हात पळायचे, छाती वर यायच्या आत पुढचा दाब. आता नापास झाली असती तर आयसीयूतली नोकरी गेली असती.

वरच्या मजल्यावरचा हॉल. सकाळचे अकरा वीस. खिडक्या बंद, एसी चालू, आम्ही सहा जणी. दोन मिनिटं झाली की वाजवायची शिट्टी माझ्या ओठांत, हातात स्टॉपवॉच. स्वरूपा सरावाच्या पुतळ्याशेजारी गुडघ्यांवर बसली. "वन, टू, थ्री..." पहिली फेरी नेहमीसारखीच पळाली. दोन श्वास देऊन तिने पुन्हा हात ठेवले आणि म्हणाली –

"लाभ, दोन, तीन..."

मी स्टॉपवॉच पाहिलं. वेग अगदी बरोबर. तीस झाल्यावर ती म्हणाली, "टाक पोत्यात," आणि श्वास दिले. शिट्टी वाजवायची मी विसरले. चार मिनिटं ती तशीच दाबत राहिली.

मग घाम पुसत तिने तेलुगूत विचारलं, "'टाक पोत्यात' अंटे एंदि, मॅडम?" – म्हणजे काय?

"तू कुठे ऐकलंस?"

"मागे ते सर मोजत होते ना. मी त्यांच्या मागोमाग म्हणत गेले."

मागे भिंत होती.

मी प्रत्येकीला विचारलं. कोणीच ऐकलं नव्हतं. मुधोळच्या शोभा सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, तुमीच मोजून राह्यल्या असान."

"शिट्टी तोंडात ठेवून?"

त्या पुतळा पुसायला लागल्या.

स्वरूपा पास झाली. परीक्षकांनी विचारलं म्हणे, "हे कोणत्या भाषेत मोजतेस?" ती म्हणाली, "माहीत नाही सर, पण यात हात पळत नाहीत."

त्या दिवशी घरी येऊन मी एकटीपुरता भात लावला. रडले नाही. नंतर पुष्कळ विचार केला – मी कधी वर्गात तसं मोजलं होतं का? नाही. आजोबा त्या हॉस्पिटलात कधी आले होते का? नाही. उत्तर सापडलेलं नाही.

आजोबांचा आवाज कुठेही रेकॉर्ड केलेला नाही. दुकान विकलं, ती उशीही आता नाही. स्वरूपा आयसीयूत आहे, आणि अजून 'लाभ'पासून मोजते.

– आजी