अकराव्या कलमाची दुरुस्ती

आमचे साहेब चार वेळा आमदार झाले, मंत्री मात्र एकदाही नाही. कारण सरळ आहे, गोड बोलणं त्यांना जमलंच नाही. राजकारणात येण्याआधी ते बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे, आठवड्याने किती उगवले ते मोजायचे. आमदार झाल्यावरही कार्यालयाच्या खिडकीशी तसे कागद असायचेच, आणि मोजणी संपेपर्यंत मंत्र्यालाही थांबावं लागायचं. मी त्यांचा स्वीय सहायक. अठरा वर्षं ते कागद मीच भिजवतोय.

कृषी समितीत तीन वर्षं भांडून त्यांनी बियाणं विधेयकाला एक दुरुस्ती सुचवली होती: बियाणं उगवलं नाही, तर भरपाई कंपनीने द्यायची. आमच्या सभागृहाचा नियम असा, की नाव पुकारलं तेव्हा सदस्य जागेवर नसेल तर त्याची दुरुस्ती बाद. म्हणून त्या दिवशी साहेबांनी सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता.

दुपारी आठवं कलम चालू होतं. आमचं अकरावं. तेवढ्यात सभागृहाच्या दाराबाहेर, मी उभा होतो तिथे, ताई आल्या, साहेबांची थोरली बहीण. आईमागे ताईंनीच साहेबांना वाढवलं. ताईंच्या नवऱ्याची बियाण्यांची कंपनी. गेल्या वर्षी आमच्या खिडकीशी त्या कंपनीचे शंभरातले एकतीसच दाणे उगवले होते.

"त्याला बाहेर बोलव. दोनच मिनिटं."

"ताई, आत्ता उठले तर सगळं मुसळ केरात जाईल हो."

"मला शिकवू नकोस. कंपनी बुडेल आमची. मी आलेय, एवढंच कळव."

इकडे आड, तिकडे विहीर. मी चिठ्ठी लिहून शिपायाकडे दिली. खरं सांगतो, वाटेत त्याचा पाय मुरगळला असता तर बरं वाटलं असतं मला.

दाराच्या काचेतून आम्ही दोघं पाहत होतो. साहेबांनी चिठ्ठी वाचली, वळून ताईंकडे पाहिलं. नववं कलम संपलं. ते उठले. मग बाक धरून तसेच खाली बसले. दहावं संपलं. अध्यक्षांनी नाव पुकारलं. साहेब उभे राहिले, पण बघत होते दाराकडेच.

"सदस्य दुरुस्ती मांडताहेत ना?"

"मांडतो," साहेब म्हणाले.

दुरुस्ती आवाजी मतदानाने मंजूर झाली. बाकं वाजत असतानाच साहेब धावत बाहेर आले. ताई तिथेच उभ्या होत्या.

"बरोबर केलंस," त्या म्हणाल्या. "पण आता माझ्या घरी येऊ नकोस."

त्या दिवसापर्यंत साहेबांनी ताईंचा शब्द कधी मोडला नव्हता. हाही त्यांनी आजतागायत मोडलेला नाही.