कौसामावशीचं मागचं चाक

मशीनला हात लावण्याआधी कौसामावशी मालकिणीलाच मशीनवर बसवायची. "आधी मला चार बोटं लांब शिवण घालून दाखव." ती बाई गोंधळायची, मशीन शिवत नाही म्हणून तर हिला बोलावलं होतं. पण मावशी स्टूल ओढून शेजारी बसायची आणि मशीनकडे न बघता बाईच्या हातांकडे, पायांकडे बघत राहायची. बऱ्याचदा पेटीतून पेचकस काढायची वेळच यायची नाही. "सुई उलटी लावून राह्यली अन् मशीनला शिव्या देऊन राह्यली," म्हणायची. "मशीन खोटं बोलत न्हाई माय. बोलतो ते आपुन."

जाफराबादेत आमची घरं एकाच गल्लीत. गल्लीच्या तोंडाशी माझं सायकलचं दुकान. तिचा नवरा टेलर होता. तो गेला तेव्हा मुलगा मिलिंद शाळेत होता. कपडे शिवण्यात तिचं मन रमेना, पण नवऱ्याचं मशीन उघडून, जोडून, परत उघडून ती दुरुस्ती शिकली. पुढे आजूबाजूच्या दहा-बारा गावांत कुणाचं शिलाई मशीन अडलं की तिचंच नाव निघायला लागलं. मला ती पल्हादा म्हणायची. मी मूळचा कमी बोलणारा. दुकानावरून जाताना थांबायची आणि माझ्या बायकोला सांगायची, "ह्याच्या तोंडात दोन थेंब तेल सोड गं. लई जाम हाये."

गावोगाव ती सायकलवरच जायची. पुढच्या दांडीला पिशवी, मागे कॅरियरवर औजारांची पेटी, आणि काम मोठं असलं तर दोरीने बांधलेलं मशीनचं लोखंडी धूड. साठी ओलांडल्यावर गुडघे बोलायला लागले. तेव्हा मीच सुचवलं, की मागचं चाक काढू आणि मोटरवालं चाक बसवू. त्या चाकाच्या मध्यावरच मोटर असते, कॅरियरखाली बॅटरी. बसवून दिलं. पहिल्या दिवशी ती स्टँडपर्यंत जाऊन परत आली आणि मला म्हणाली, "पल्हादा, कुनीतरी मागून हळूच ढकलून राह्यलंय असं वाटतंय रे." तिला लहान मुलासारखं हसताना मी तेव्हाच पाहिलं.

स्टँडवरचे जीपवाले तिला छेडायचे. "मावशे, लायसन हाये का?"

"तुह्या तोंडाला हाये का? मंग ते कसं चालवतो?"

पाच वर्षं ती अशी फिरली. दोन वर्षांपूर्वी, पोळ्याच्या आठवड्यात, एका खेड्याहून परत येताना चाक खड्ड्यात गेलं. कॅरियरवर मशीन होतं. आऱ्या तुटल्या, रिम वाकली, मोटरचा दांडा चाक धरणाऱ्या मागच्या चिमट्यात गरकन फिरला आणि वायर तोडून बसला. मावशी हनुवटीवर पडली. जीपवाल्याने तिला आणि सायकलला माझ्या दुकानापुढे उतरवलं. पदराने हनुवटीचं रक्त दाबत ती आधी मशीनला काही लागलं का ते बघत होती. मी म्हणालो, दवाखान्यात चला. "मी बरी हाये. तू चाकाचं बोल."

चाक निवडायला आम्ही दोघं एसटीने जालन्याला गेलो. दुकानदार माझ्याशीच बोलत होता. "काका, हे घ्या, सगळ्यात ताकदीचं. मोटरसायकलला मागं टाकील."

मावशीने त्याला थांबवलं. "दादा, बसनार मी हाये. मह्याकडं पाहून बोला."

"मावशी, लई पळतं हे चाक."

"मला पळायचं न्हाई. पोचायचंय."

त्याने दुसरं काढलं. हलकं, चकचकीत. मावशीने दोन आऱ्या चिमटीत धरून दाबल्या. "हा शर्टाचा दोरा झाला. मला गोधडी शिवायचीये." तिसऱ्या चाकाच्या आऱ्या जाड होत्या, रिम दुहेरी. तिने पिशवीतून रीळ काढलं, दोऱ्याचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि दोरा रिमच्या अगदी जवळ ताणून दुकानदाराला म्हणाली, "फिरवा." चाक फिरलं. दोऱ्याला कुठेच शिवलं नाही, म्हणजे रिम सरळ होती. गंमत म्हणून बघत उभा राहिलेला दुकानदार आता वाकून दोऱ्याकडे बघायला लागला. पण ते चाक अठ्ठावीस इंची निघालं आणि मावशीची सायकल सव्वीसची. सव्वीसमध्ये हेच मागवून देतो, आठ-दहा दिवसांत एसटीने पार्सल टाकतो, असं तो म्हणाला. दांडा परत फिरू नये म्हणून लोखंडी पट्टीही पाठवा, असं मी सांगितलं.

"थांबते," मावशी म्हणाली. "पर हेच पाह्यजे. दुसरं बिलकुल न्हाई."

इथपर्यंतचं मी कुणालाही सांगत आलो. पुढचं बायकोलाही सांगितलेलं नाही.

आठव्या दिवशी मिलिंदचा पुण्याहून फोन आला. आई पडली हे त्याला कुणीतरी उशिरा कळवलं होतं. तो ओरडेल असं मला वाटलं होतं, पण तो रडला. "दादा, तिला बाप नाही, नवरा नाही, मी इथं. उद्या ट्रकखाली गेली तर मी काय करू? ती माझं ऐकत नाही. तुमचं ऐकते. सांगा ना, चाक मिळत नाही म्हणून. चाक नसलं की आपोआप येईल माझ्याकडं." मी बरं म्हणालो.

नवव्या दिवशी सकाळी स्टँडवरून पार्सल आणलं. पोतं उसवून बघितलं. तेच चाक, सव्वीसचं, पट्टीसकट. इतक्यात मावशी पेटी हातात घेऊन जीपकडे निघालेली दिसली. पायरीशी थांबली. "आलं का रे?"

चाक माझ्या पायाशी होतं, काउंटरच्या आड. मी म्हणालो, "न्हाई मावशी."

मिलिंदने सांगितलं म्हणून केलं, तिच्या जिवाची काळजी होती म्हणून केलं, असं मी स्वतःला पुष्कळ समजावलं. काळजी होती, नाही असं नाही. पण पहिली मोटर मी बसवली होती. ती पडली तेव्हा गल्लीतला एकजण म्हणालाच, "पल्हादनं म्हातारीला यंत्रावर बसवलं." उद्या काही झालं तर लोक माझं नाव घेतील, या भीतीने मी चाक माळ्यावर टाकलं. खरं कारण हेच होतं. 

मग रोज नवीन बोलावं लागलं. आलं नाही. गोदामातच नाही. कंपनीने त्या मापाचं बंद केलं. एकदा तर म्हणालो, "काल जालन्याला जाऊन आल्तो मावशी. दुकानदार पाहतो म्हणला." त्या संध्याकाळी तिने चार धपाटे आणि दही पाठवलं, उन्हातान्हात हा माझ्यापायी गेला म्हणून. मी ते खाल्ले.

जीप डांबरी रस्त्यानेच जायची. खेडी आत, तीन-तीन किलोमीटरवर. पेटी घेऊन ती काही दिवस चालली, मग गुडघा सुजला. फोन यायचे, "बाई, मशीन अडकून पडलंय, कवा येता?" ती सांगायची, "चाक आलं की येते." मला वाटायचं, कंटाळून जाईल पुण्याला. ती कंटाळली नाही, वाट बघत राहिली. दाराच्या उंबऱ्यावर बसून गल्लीच्या तोंडाकडे, म्हणजे माझ्या दुकानाकडे बघत. मी दुकानातला बाक फिरवून पाठ तिकडे केली.

दिवाळीनंतर मिलिंद येऊन तिला घेऊन गेला. गाडीत बसताना तिने काच खाली करायला लावली. "पल्हादा, चाक आलं की फोन कर. मी लगेच निघते."

"करतो मावशी."

पुण्याहून दर रविवारी तिचाच फोन यायचा. "जय भीम पल्हादा. आलं का रे?" न्हाई म्हटलं की दुसरं बोलायची. सून चांगली होती, मिलिंद जपायचा, तिची तक्रार कशाचीच नव्हती. अकराव्या मजल्यावर घर. "लिफ्ट लई चांगली हाये," ती एकदा म्हणाली. "वर जाती, खाली येती. पुढं तेवढी जात न्हाई."

उन्हाळ्यातल्या एका रविवारी तिने माझ्या मुलीच्या परीक्षेचं विचारलं, बायकोच्या पाठीचं विचारलं, ऊन किती आहे ते विचारलं आणि फोन ठेवला. चाकाचं विचारलंच नाही. पुढच्या रविवारीही नाही. तिसऱ्या रविवारी माझ्याच्यानं राहवलं नाही. ती फोन ठेवणार तेवढ्यात मी म्हणालो, "मावशी, चाक आलंय."

"कवा?"

"काल."

तेव्हाही मला खरं सांगता आलं नाही.

"चांगलं हाये?"

"तेच हाये. तू निवडलं ते."

"मंग कुनाला तरी बसवून दे. कुनाची तरी नड भागंल." मग म्हणाली, "आता मह्याच्यानं न्हाई व्हायचं रे. तुला लई फिरावं लागलं मह्यापायी."

दोन महिन्यांनी ती गेली. झोपेत गेली, मिलिंद म्हणाला. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम त्याने जाफराबादेतच ठेवला. बुद्धवंदना झाली, मग लोक दोन-दोन शब्द बोलले. मिलिंदने माझं नाव घेतलं. मी उठलो, मावशी कष्टाळू होती, स्वाभिमानी होती असं काहीतरी बोललो आणि खाली बसलो. मिलिंदने माझा हात हातात घेतला. "दादा, तुमच्यामुळं शेवटी तरी ती माझ्याजवळ राहिली."

जेवणं सुरू झाली तेव्हा खेड्याहून आलेल्या बायकांतली एक माझ्याकडे आली. चाळिशीची, शिवणकाम करणारी. बोटाला सुईचे व्रण होते. तिचं मशीन वर्षापासून बंद होतं, असं म्हणाली, शाळेच्या कपड्यांचं काम दुसरीकडे गेलं. मग म्हणाली, "पर दादा, तुमी लई केलं बाईसाठी. त्या फोनवर सांगायच्या, मव्हा पल्हादा चाकासाठी जालन्याला खेटे घालून राह्यला म्हनून."

पत्रावळ माझ्या हातात होती. मी ती खाली ठेवली.

"ताई, जालन्याला मी एकदाच गेल्तो," मी म्हणालो. "मावशीबरोबर. चाक नवव्या दिवशी आलं. मी ते दिलं न्हाई."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला नीट ऐकू आलं नाही असं वाटून मी परत सांगायला तोंड उघडलं, पण तिने हात वर केला. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बायकांच्या पंगतीत जाऊन बसली. शेजारणीच्या कानाशी वाकली. शेजारीण पुढचीकडे वाकली. मग एकेक मान माझ्याकडे वळत गेली, आणि मी तिथून हललो नाही.