जपानच्या विक्रीचे पेढे

आमच्या घरी क्रिकेटचा स्कोअर कुणी विचारत नसे. मी कामावरून आले की बाबा विचारायचे, "या महिन्यात किती खपल्या?"

खपल्या म्हणजे हायब्रिड गाड्या. पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर, दोन्ही एकाच गाडीत. अमेरिकेत आणि जपानमध्ये त्या विकल्या जात होत्या. आपल्याकडे त्यांचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. मी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कंपनीत केमिस्ट होते. बाबा अंबरनाथच्याच एका कारखान्यात टर्नर म्हणून आयुष्य काढून रिटायर झाले होते. आई गेल्यावर आम्ही दोघंच बदलापूरला, शिरगावातल्या एका नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो. मी लग्न केलं नव्हतं आणि त्याबद्दल कुणाला उत्तर द्यायचंही बंद केलं होतं.

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये एका रद्दीवाल्याकडे गाड्यांची जुनी परदेशी मासिकं मिळायची. त्यातला एक लेख मी बाबांना मराठीत सांगितला होता. ब्रेक दाबला की ही गाडी त्या जोरातून वीज बनवते आणि बॅटरीत साठवते, असं त्यात होतं. बाबांनी ते मला पुन्हा पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं प्रत्येक ब्रेकला सगळं जग ते फुकट घालवतंय."

तिथून आम्हाला नाद लागला. जेवणाच्या सुट्टीत मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर परदेशातल्या विक्रीचे आकडे बघायचे, संध्याकाळी चहाबरोबर बाबांना सांगायचे. तिकडे पेट्रोल महागलं की हायब्रिडचा खप वाढायचा, स्वस्त झालं की घसरायचा. बाबांना हे अजिबात पटायचं नाही. "पेट्रोल स्वस्त झालं म्हणून शहाणपण सोडतात होय?" असं ते त्या अमेरिकन गिऱ्हाइकांवर खरोखर चिडून म्हणायचे.

दोन हजार आठ साली एका कंपनीने अशी गाडी आपल्याकडे आणली. किंमत ऐकून आम्ही फक्त फोटो बघितला. पण इतरांनीही फोटोच बघितला असावा, कारण वर्ष संपत आलं तरी गाड्या गोदामात उभ्याच होत्या. मग कंपनीने किंमत धाडकन खाली आणली. तरीही ती आमच्यासारख्यांच्या आवाक्याच्या काठावरच होती. पण माझ्या घराचे हप्ते फिटले होते, माझी जुनी छोटी गाडी मोडीला आली होती, आणि मला दुसऱ्या कशाचाच शौक नव्हता. मी बाबांना म्हटलं, "घेऊ या." बाबा उठून शर्ट बदलून आले.

दादाला, म्हणजे माझ्या मोठ्या भावाला, फोनवर सांगितलं तर तो ओरडलाच. तो ठाण्याला राहायचा, बँकेत होता, आणि घरातले सगळे व्यवहार आपल्याला विचारून व्हावेत अशी त्याची अपेक्षा असायची.

"अगं, कुणी घेत नाही म्हणून कंपनीने जिचा भाव पाडला, ती गाडी तू घेतेस? उद्या विकायला काढलीस तर कोण घेईल?"

"विकायला कशाला काढू?"

"गाडी घेताना रिसेल बघायची असते."

"मग तू रिसेल चालव, मी गाडी चालवते," म्हटलं, आणि फोन ठेवला.

शोरूममधला मुलगा सगळं बाबांशी बोलत होता. पैसे माझे, चालवणार मी, प्रश्न मी विचारत होते आणि उत्तरं "सर, सर" करत बाबांना जात होती. बदलापूर ऐकल्यावर त्याने पेन खाली ठेवलं. "सर, तुमच्या एरियासाठी याच मॉडेलची साधी पेट्रोल गाडी बघा ना. ही जरा वेगळ्या टाइपच्या लोकांसाठी आहे."

बाबांनी विचारलं, "वेगळ्या म्हणजे कुठल्या?"

तो नुसता हसला. बाबा हसले नाहीत. "ती वेगळी माणसं आली होती का घ्यायला? नाही ना? मग आता आम्ही आलोय. आणि गाडी हिची आहे, हिच्याशी बोल."

गाडी घरी आली आणि गावभर एकच प्रश्न सुरू झाला, किती देते? पेट्रोल पंपावर, भाजीवाल्याकडे, कंपनीच्या गेटवर. मी खोटं बोलायचं नाही ठरवलं होतं. कंपनीने जाहिरातीत छापलेला आकडा आमच्या रस्त्यांवर कधीच आला नाही. खड्ड्यांतून आणि उन्हाळ्यात एसी लावून लिटरमागे पंधरा-सोळा किलोमीटर मिळायचे, कर्जतच्या मोकळ्या रस्त्यावर त्याहून बरे. लोकांचा चेहरा पडायचा. एवढ्या गाजावाजाच्या गाडीने निदान तीस तरी द्यायला हवे होते, असं त्यांना वाटायचं.

कॅम्प तीनमध्ये एकदा जीन्सचे गठ्ठे लादलेली हातगाडी आडवी झाली आणि सगळा रस्ता तुंबला. गाडी थांबली की आमचं इंजिन आपोआप बंद व्हायचं. शेजारच्या शेअर रिक्षावाल्याने ते ऐकलं, म्हणजे ऐकू येईनासं झालेलं ऐकलं, आणि मान बाहेर काढली.

"मॅडम, बंद पड गई क्या? धक्का मारू?"

"बंद नाही पडली. थांबलीय. ब्रेक सोडला की चालू होईल."

"ऐसा थोडी होता है," म्हणत तो खाली उतरला आणि मागून गाडीला हात लावून उभाच राहिला. पुढची हातगाडी सरकली, मी ब्रेकवरचा पाय काढला, इंजिन सुरू झालं आणि त्याच्या हाताखालून गाडी निघाली. दहा पावलांवर पुन्हा थांबले. तो रिक्षा घेऊन शेजारी आला आणि अर्थातच विचारलं, किती देते. मी सांगितलं.

"इससे जास्ती तो मेरा रिक्षा देता है."

"तुझी रिक्षा आत्ता उभ्या उभ्या गॅस खातेय. माझी काही खात नाही."

"मतलब फायदा होना है तो जाम में ही रहने का?" रिक्षातले सगळे पॅसेंजर हसले. मलाही हसू आलं. मी काच वर केली नाही. पुढच्या चौकापर्यंत त्याला बॅटरीचं सगळं समजावलं.

खरी लढाई मात्र घरीच झाली. आमच्या सोसायटीचे चेअरमन रिटायर्ड क्लार्क होते आणि बिल्डिंगमधल्या प्रत्येक नळाच्या वॉशरवर त्यांचं लक्ष असायचं. गाडीत मोठी बॅटरी आहे एवढंच त्यांनी ऐकलं होतं. आधी त्यांना वाटलं मी सोसायटीच्या मीटरवर चार्जिंग करणार. "हिला प्लग नसतोच, ही चालताना स्वतः चार्ज होते," असं मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पार्किंगमधला प्लग पॉइंट पत्र्याने बंद करून घेतला. मग बोर्डावर नोटीस लागली की हाय व्होल्टेज बॅटरी असलेलं वाहन बिल्डिंगखाली उभं करू नये, गेटबाहेर लावावं, आणि याबाबत रविवारी मीटिंग होईल.

बाबांनी नोटीस वाचली. वर जाऊन प्लॅस्टिकची खुर्ची आणली आणि गाडीच्या मागच्या बाजूला, म्हणजे आत सीटमागे बरोबर जिथे बॅटरी होती तिथे, बाहेरून खुर्ची टेकवून बसले. येणारा-जाणारा विचारायचा, काका इथे का? बाबा म्हणायचे, "फुटली तर पहिला मी." रविवारपर्यंत रोज संध्याकाळी ते तिथेच पेपर वाचत होते.

मीटिंग गच्चीवर झाली. चेअरमनांनी स्फोट, आग, लहान मुलं, सगळं बोलून घेतलं. त्यांचं झाल्यावर मी उभी राहिले.

"लोडशेडिंगमुळे आपल्या सगळ्यांकडे इन्व्हर्टर आहेत. त्याच्या बॅटरीत ॲसिड असतं. चेअरमनसाहेब, तुमची बॅटरी तुमच्या हॉलमध्ये आहे, नातीच्या पाळण्याशेजारी. मी सत्यनारायणाच्या प्रसादाला आले होते तेव्हा बघितलीय. ती गेटबाहेर कधी ठेवताय?"

कुणीतरी खोकलं. चेअरमनांचा आवाज चढला. "ते वेगळं. आणि मॅडम, एवढी महागडी गाडी तुम्हाला एवढ्या कमी किमतीत कशी मिळाली तेही आम्हाला कळलंय. तुम्हा लोकांना काय, सगळीकडे सवलत."

'तुम्हा लोकांना' म्हणजे कुणाला, हे आमच्या हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो बघून गेलेल्या प्रत्येकाला कळलं होतं. मी बाबांकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते. ते मला आवरत नव्हते.

"सवलत कंपनीने दिली होती," मी म्हणाले. "सगळ्यांना होती, तुम्हालाही होती. तुम्ही घेतली नाही. आणि तुम्हाला दुसरी कुठली सवलत म्हणायची असेल, तर माझ्या नावासमोर लिहा आणि सही करा. मीटिंगच्या वहीत जाऊ दे."

त्यांनी लिहिलं नाही. नोटीस मंजूर करायची तर हात वर करा, असं म्हणून त्यांनी आपला हात वर केला. दोघातिघांचे हात अर्धे वर आले. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी उठल्या. त्या मीटिंगमध्ये कधी बोलत नसत, नवऱ्याऐवजी नुसत्या येऊन बसायच्या. म्हणाल्या, "माझं मत गाडी राहू द्या असं आहे. हिचा आवाज नाही येत. बाकीच्यांच्या गाड्यांनी सकाळी माझी सासू दचकून उठते." लोक हसले आणि ते अर्धे हात खाली गेले. ठराव झाला नाही, पण नोटीस काढलीही नाही. ती बोर्डावर पिवळी पडत राहिली आणि तिच्याच समोर मी रोज गाडी लावत राहिले.

त्या हिवाळ्यात दादाने फोन करून पेपरमधली बातमी वाचून दाखवली. आपल्याकडे हायब्रिड चालली नाही, गिऱ्हाईक नाही, वगैरे. "बघ, मी सांगितलं होतं. नाही चालली."

"आज शिरगाव ते अंबरनाथ आणि परत चालली," मी म्हटलं.

"तू विषय समजून घे."

विषय मला चांगलाच समजत होता. इतकी वर्षं ते आकडे मीच वाचत होते. पण कमी लोकांनी घेतली म्हणजे ती चुकीची ठरली, हे मी मानायला तयार नव्हते. आमच्या घराण्याने बहुमत बघून कधीच काही केलं नव्हतं. माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा गावात त्यांच्या बाजूने किती हात वर होते?

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मी जपानचे आकडे उघडले आणि बघतच राहिले. तिथे त्या महिन्यात सगळ्या गाड्यांमध्ये एक हायब्रिड पहिल्या नंबरावर आली होती. हायब्रिडमध्ये पहिली असं नव्हे, सगळ्यांत पहिली. मी बाबांना लँडलाइनवर फोन केला. ते "परत वाच," म्हणाले. मी परत वाचलं.

संध्याकाळी घरी आले तर बाबांच्या हातात पेढ्यांचा बॉक्स. वरच्या मजल्यापासून सुरुवात करून ते प्रत्येक दार वाजवत होते. लोकांना वाटलं माझं लग्न ठरलं. बाबा सांगत होते, "जपानमध्ये हायब्रिड पहिली आली." कुणाला काही कळत नव्हतं, पण पेढा सगळे घेत होते. चेअरमनांच्या दारापाशी मी बाबांचा हात धरला. "राहू द्या, तिथे कशाला?"

"तिथेच तर द्यायचाय," बाबा म्हणाले आणि बेल दाबली.

चेअरमन स्वतः बाहेर आले. बाबांनी बातमी सांगितली, अगदी सरळ, टोमणा न मारता. चेअरमन म्हणाले, "आपल्याकडे नाही ना आली पहिली." बाबा म्हणाले, "येईल. तोवर पेढा घ्या." त्यांनी घेतला नाही, डायबिटीस आहे म्हणाले. मागून त्यांच्या बायकोने हात पुढे करून दोन घेतले, एक नातीसाठी. आमचं आणि चेअरमनांचं पुढेही जमलं नाही. जिन्यात समोरासमोर आलो की ते बाजूला बघायचे, मी मात्र थेट त्यांच्याकडे बघायचे.

पेढे वाटून झाल्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी आमच्याकडे आल्या. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "ताई, या गाडीला गिअर नाहीत म्हणे. मग मला जमेल का?"

"कुणी सांगितलं नाही जमणार?"

"घरात सगळ्यांनीच."

पुढच्या रविवारी सकाळी मी त्यांना चामटोलीच्या रस्त्याला घेऊन गेले. शेतं रिकामी होती, रस्ताही रिकामा. बाबा मागे बसले होते. वहिनींनी पदर खोचला, दोन्ही हातांनी स्टिअरिंग गच्च धरलं, आणि ब्रेकवरून पाय इतका हळू उचलला की गाडी नुसती सरपटत निघाली. समोरून गवताचा भारा घेतलेली एक बाई येत होती. ती रस्त्याच्या मधोमध थांबून बघू लागली. वहिनी घाबरून म्हणाल्या, "ताई, काय करू?"

"हॉर्न द्या," मी म्हटलं.

त्यांनी हॉर्न दिला, आणि तो चांगला मोठा वाजला.